सर, तुम्ही तिचा प्रश्न लिहून घेतलात

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि काकू चहा टाकायला उठतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. नागपूरच्या महाल भागात तुमच्या हाताखाली शिकलेली मंडळी ओळखतीलच.

माझी लेक अकरावी सायन्सला आहे. नागपुरातल्या एका मोठ्या क्लासची फी आम्ही एकरकमी भरली होती. तिथे न्यूटनचा तिसरा नियम, म्हणजे प्रत्येक बलाला तेवढंच उलट बल असतं, हा चालू असताना तिनं विचारलं, "तान्ह्या पोळ्याला मी चाकांच्या लाकडी नंदीला दोरीनं ओढते, तेव्हा नंदीही मला तेवढ्याच बलानं मागे ओढतो ना? मग आम्ही दोघं पुढे कसे जातो?" अख्खी बॅच हसली. शिकवणारेही हसले. "असे प्रश्न पेपरात येत नाहीत, सूत्र पाठ कर," एवढंच उत्तर मिळालं. पुढे पालकांच्या मीटिंगमध्ये मला सांगण्यात आलं, पोरीचं बेसिक कच्चं आहे, आर्ट्सचा विचार करा. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडणं बंद केलं. घरीही पुस्तक समोर ठेवून नुसती बसून राहायची. ज्यांनी फी घेताना गोड बोलून घेतलं, त्यांना एका पोरीचं दोन मिनिटं ऐकून घेता आलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे आली तेव्हाही ती प्रश्न अर्धाच बोलली आणि थांबली. तुम्ही म्हणालात, "काहून घाबरते बेटा? पुन्हा सांग, सावकाश सांग." चष्मा लावलात, टेबलावरची निळी वही उघडलीत आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतलात. 'नंदी' सुद्धा. खाली तिचं नाव, तारीख. मग वही तिच्याकडे फिरवून विचारलंत, "बरोबर लिहिलं ना मी?" सर, त्या क्षणी मी लेकीचा चेहरा पाहत होते. ती ताठ बसली. तुम्ही पुढे जे शिकवलंत ते मोठंच आहे, पण माझ्या मनातून ती वही हलत नाही. आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस सोळा वर्षांच्या मुलीचा प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतो!

आणि मग तुम्ही सांगितलंत की 1687 साली आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात हा नियम मांडताना खुद्द न्यूटननं दोरीनं दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलंय. घोड्याच्या जागी ही, दगडाच्या जागी नंदी. ज्या प्रश्नावर वर्ग हसला, तो न्यूटनच्या उदाहरणातूनच उठणारा प्रश्न होता.

उत्तरासाठी तुम्ही दोन वेगळे कागद घेतलेत. एकावर नंदी, दुसऱ्यावर ती. "नंदीवर जो जोर लागतो तेवढाच या कागदावर. नंदी तुला ओढतो तो बाण तुझ्या कागदावर, इथे त्याचं काम नाही." नंदीला दोरी पुढे ओढते, चाकांचं घर्षण मागे, दोरीचं बल जास्त झालं की तो हलतो. ती पायानं जमीन मागे ढकलते, जमीन तिला पुढे ढकलते. दोन्ही बलं सारखी आणि उलट असतात, पण दोन वेगळ्या वस्तूंवर, म्हणून एकमेकांना रद्द करत नाहीत. मी बी.ए. झालेली बाई कोपऱ्यात बसून ऐकत होते, मलाही लख्ख कळलं.

काकूंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा तर आमच्या घरी आता रोजचा विषय झालाय. काट्यावर पाण्याचा ग्लास, त्यात तिनं बोट बुडवलं, तळाला न टेकवता, आणि आकडा वाढला! पाणी बोटाला वर ढकलतं, तर बोट पाण्याला खाली ढकलतं. मग तुम्ही संत्रं हातात घेतलंत. दोनशे ग्रॅमच्या संत्र्याला पृथ्वी साधारण दोन न्यूटन (हे बल मोजायचं एकक) इतक्या बलानं ओढते, आणि संत्रंही पृथ्वीला बरोबर दोन न्यूटननंच ओढतं. संत्रं 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणानं, म्हणजे दर सेकंदाला वेग वाढवत, खाली येतं. पृथ्वीचं वस्तुमान मात्र सहावर चोवीस शून्यं इतके किलो, तिला त्या दोन न्यूटनचं काय होणार! लेक खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. पण पैशापेक्षा मला वाटतं, समोरचं माणूस लहान आहे म्हणून त्याचं बोलणं लहान मानायचं नाही, ही वृत्ती दुर्मिळ आहे. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, कुठेही असा एक माणूस भेटला की घरी येईपर्यंत जीव हलका असतो. अशी माणसं या शहरात आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

काल तिनं वर्गात पुन्हा हात वर केला. उत्तर मिळालं नाही, पण खाली बसली नाही, दुसऱ्यांदा विचारलं. 400 किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असतं, तर तिथली माणसं तरंगतात कशी, असा तो प्रश्न आहे. रविवारी तो घेऊन येतेय, सोबत दोन मैत्रिणीही आहेत. वहीत जागा ठेवा, आणि काकूंना सांगा, या वेळी पोहे मी करून आणते.

तुमची कृतज्ञ,
एक आई