त्रेसष्टाव्या वर्षी दुधाचा दात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत लहान मुलांच्या किडक्या दातांवर लेख आला होता. चांगला होता. दात घासण्याबद्दल, रात्री तोंडात राहणाऱ्या दुधाच्या बाटलीबद्दल सगळं होतं. पण जो दात मुळात नाहीच, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझं वय ६३. कसबा पेठेत एकतीस वर्षं बालवाडी चालवली. आणि माझ्या तोंडात खाली उजवीकडे दुधाची एक दाढ अजून आहे, हे मला मागच्या वर्षी कळलं. तेही नातीमुळे.

नात नऊ वर्षांची असताना तिची खालची डावीकडची दाढ किडली. घराजवळच्या दवाखान्यात नेली. "दुधाचीच आहे, दोन वर्षांत पडणारच होती," म्हणून डॉक्टरांनी ती काढून टाकली. एक्स-रे काढला नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढची तीन वर्षं आम्ही "येईल, येईल" म्हणत बसलो. तिथे काही आलं नाही. मागची दाढ मात्र रिकाम्या जागेकडे कलली. बाराव्या वर्षी तारा लावायच्या म्हणून दुसरीकडे नेलं, तेव्हा तिथल्या बाईंनी आधी ओपीजी काढायला लावला. म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच लांबट एक्स-रे.

तो फोटो त्यांनी आम्हाला खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. न उगवलेले दात हाडात कसे दिसतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वरच्या दुधाच्या दाढांच्या वर, हाडात, हरभऱ्याएवढे ठिपके दडून बसलेले. खाली उजवीकडे दुधाची दाढ मुळांसकट शाबूत, पण तिच्या पोटात काही नाही, नुसतं हाड. डावीकडे तर दाढही नाही आणि खाली अंकुरही नाही.

बाई म्हणाल्या, हे दुर्मीळ नाही. अक्कलदाढा सोडल्या तर शंभरात पाच-सहा माणसांचा एखादा तरी कायमचा दात जन्मात येत नाही. त्यात नेहमीच्या जागा दोनच: खालच्या दुधाच्या दुसऱ्या दाढेखालची जागा आणि वरच्या पुढच्या दोन दातांच्या शेजारची. खालचा दात वर सरकायला लागला की दुधाच्या दाताची मुळं झिजतात आणि तो पडतो. खाली कुणी नसेल तर झिजवणार कोण? अशी दाढ नीट सांभाळली तर पुष्कळ वर्षं टिकते. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का? मी म्हटलं, छे! त्यांनी माझंच तोंड उघडायला लावलं. शेजारच्या दातांपेक्षा जरा बुटकी, जरा पांढरी, रुंद दाढ. तिनेच मी पन्नास-साठ वर्षं भाकरी चावत आले. लहानपणी पडलेला दात शेणात लपेटून वाड्याच्या कौलांवर टाकायचो, पण किती टाकले ते कोण मोजत होतं?

इकडे नातेवाइकांनी सुनेला धारेवर धरलं होतं. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्या असतील, म्हणे. या दाताचा अंकुर मूळ धरतो तो बाळ जन्मल्यानंतर, पहिल्या वर्षात. त्यात गरोदरपणीच्या गोळ्यांचा संबंध कुठे येतो? हे बहुतेकदा रक्तात येतं, आणि आमच्या घरात ते माझ्याकडून आलं असणार. तसं मी सगळ्यांसमोर सांगितलंही. (माझ्या मुलाने अजून स्वतःचा एक्स-रे काढलेला नाही. त्याला वेळ नाही.)

हे सगळं ऐकताना मला माझ्या बालवाडीतला एक मुलगा आठवत राहिला. चार वर्षांचा, पण तोंडात मोजून चार दात, तेही टोकदार, सुळ्यांसारखे. केस विरळ, भुरे. एप्रिलमध्ये इतर पोरं घामाने थबथबायची, हा कोरडाच. सदरा काढून शहाबादी फरशीवर पालथा पडून राहायचा, नाहीतर माठाला गाल लावून बसायचा. मी रागवायचे. त्याच्या आईला आळीतल्या बायका विचारायच्या, "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का गं?" ती हसून म्हणायची, मामावर गेलाय. ते अगदी खरं होतं. ज्या आजारात दात, केस आणि घामाच्या ग्रंथी एकदमच अपुऱ्या राहतात, त्याचा नेहमीचा प्रकार आईकडून मुलाकडे येतो. डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या अशा एका कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय: चार पिढ्यांत दहा पुरुष, दात मोजके, अंगावर केस तुरळक, उन्हाळ्यात हाल. त्या मुलाला गरज होती ती ओल्या फडक्याची, सावलीची आणि बालरोगतज्ज्ञाची. मी त्याला हाताची घडी घालून सरळ बसवत होते.

माझं मागणं मोठं नाही. २०१३ साली आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत दातांच्या नावाने किडलेले दात आहेत. त्या कागदावर दातांच्या संख्येचा एक रकाना वाढवा. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या तोंडात वीस दात हवेत, वर दहा, खाली दहा. मोजायला डिग्री लागत नाही. आमच्या सेविका पोरांची वजनं करतात, उंची मोजतात, दातही मोजतील. कमी भरले, जोडलेले दिसले किंवा टोकदार दिसले तर पुढे पाठवायचं.

आणि आईबापांनो, दुधाची दाढ काढायची म्हटली की आधी विचारा, "खाली दात आहे का ते पाहिलंत का?" सात-आठ वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत ते बहुतेक वेळा दिसतं. एखादा अंकुर उशिरा दिसतो, तेव्हा घाई करू नका. खाली काही नसेल तर किडलेली दाढसुद्धा शक्य असेल तिथे भरून घ्या, टोपी बसवून घ्या, पण ठेवा.

नातीच्या डावीकडच्या जागेचं काय करायचं ते तिची वाढ पुरी झाल्यावर ठरेल. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला खोटा दात, तोवर बसवत नाहीत. उजवीकडची दाढ शाबूत आहे. परवा लोणावळ्याहून कुणीतरी चिक्की आणली, तर पोरीने नेमकी उजव्या बाजूने कडकन फोडली. मी स्वयंपाकघरातून ओरडले.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
कसबा पेठ, पुणे