टाइप करण्याची लय न विचारता नोंदवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: वॉलेट अॅपमधून माझ्या टायपिंगची आणि फोन हाताळण्याची होणारी नोंद थांबवून साठवलेली माहिती पुसण्याबाबत

महोदय,

मी सदाशिव पेठेत राहते. विजेचे बिल, किराणा, आईची औषधे यांचे पैसे आपल्या वॉलेट अॅपवरूनच देते. सध्या उजव्या मनगटाला प्लास्टर असल्यामुळे फोन डाव्या हाताने चालवावा लागतो. गेल्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात पिन बरोबर होता, ओटीपी बरोबर होता, तरी व्यवहार अडला आणि खाते बंद झाले. कस्टमर केअरने सांगितले, "मॅडम, तुमची टाइप करण्याची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी आली, म्हणून सिस्टिमने थांबवलं."

खाते संध्याकाळपर्यंत सुरू झाले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण माझी नेहमीची पद्धत सिस्टिमला माहीत आहे, म्हणजे ती आधीपासून नोंदवली जात होती. ती नोंदवण्यापूर्वी मला कोणी विचारले होते?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने हे तंत्र समजावून सांगितले. कोणते बटण किती मिलिसेकंद दाबले, एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला, बोट काचेवर किती जागा व्यापते, फोन किती कलता धरला आहे, हे सगळे मोजून माणसाची एक प्रतिमा तयार होते. कॅमेरा किंवा माइक वापरायचा तर अॅपला परवानगी मागावी लागते. फोनची हालचाल टिपणाऱ्या अॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपसाठी अँड्रॉइड तसे विचारत नाही, त्यामुळे ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

आपल्या प्रतिनिधीने ईमेलवर कळवले की बोटाचा ठसा साठवला जात नाही, म्हणून हे बायोमेट्रिक, म्हणजे शरीराच्या खुणांवरून किंवा हालचालींवरून माणूस ओळखणारी माहिती, नव्हेच. हे मला मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश ऐकणारे लोक मोर्स या तारेच्या सांकेतिक लिपीतल्या ठोक्यांच्या लयीवरून पलीकडचा ऑपरेटर कोण ते ओळखत. १९८० साली अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने सात टायपिस्टांवर प्रयोग करून अक्षरांमधल्या वेळेवरून माणूस ओळखता येतो का, हे तपासले आणि निष्कर्ष आशादायक निघाले. आपले अॅपही त्याच आधारावर मला ओळखते आहे. ही नोंद मला ओळखण्यासाठी चालते, मग संमती घ्यायच्या वेळी ती साधी तांत्रिक माहिती कशी होते?

मला खरी काळजी आहे ती याच्या पुढची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, कळ दाबून धरण्याच्या वेळेतल्या चढउतारांवरून पार्किन्सन्सची (कंपवाताची) सुरुवातीची चिन्हे ओळखता येतात असे दिसले. म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याआधीच माझ्या हाताचा कंप आपल्या सर्व्हरवर नोंदला जाऊ शकतो. आपल्या प्रायव्हसी पॉलिसीत "सेवा सुधारण्यासाठी भागीदारांना" माहिती देण्याची मोघम तरतूद आहे. त्या भागीदारांत विमा कंपनी आहे का, कर्ज देणारी संस्था आहे का, याचा उल्लेख नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. साठ वर्षांची हाताची सवय कशी बदलू?

फसवणूक रोखायला हे तंत्र उपयोगी पडते, हे मी जाणते. स्क्रीन शेअर करायला लावून खाती रिकामी केल्याच्या बातम्या आपण रोज वाचतो, आणि अशा वेळी हाताळणीतला फरक पकडला गेला तर कोणाची तरी पुंजी वाचेल. त्यासाठी मला स्पष्ट विचारले असते तर बहुधा मी हो म्हटले असते. पण सुरक्षेच्या नावाने गोळा केलेली माहिती जाहिरातीला किंवा माझी पत ठरवायला वापरणे मी खपवून घेणार नाही. भाच्याने फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्स या भागातले सेन्सर्स बंद करण्याचे बटण दाखवले, पण त्याने कॅमेराही बंद होतो आणि क्यूआर कोड स्कॅन होत नाही. शिवाय टायपिंगची नोंद त्याने थांबत नाहीच.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील मानली आहे, तिला लेखी संमती लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, पण चांगल्या कंपनीने तोवर थांबायचे कारण नाही. त्या कायद्यात संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याची सोय आहे. आपली पॉलिसी फक्त इंग्रजीत आहे.

माझ्याबद्दल कोणत्या नोंदी आहेत, कधीपासून आहेत आणि कोणाकोणाला दिल्या, ते कळवावे. फसवणूक रोखण्याखेरीज इतर सर्व वापर ताबडतोब बंद करावा आणि त्यासाठी ठेवलेली माहिती पुसून तसे लेखी द्यावे. ज्यांना ही नोंद अजिबात नको त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये बंद करण्याची सोय द्यावी, आणि तसे केल्यास ओटीपीसोबत आणखी एखादी खात्री करून घ्यावी. तेवढा वेळ मी आनंदाने देईन. हात मोडलेल्या, कंप असलेल्या किंवा वयस्कर ग्राहकाचे खाते केवळ टायपिंगच्या फरकावरून बंद करण्यापूर्वी त्याला माणसाने फोन करावा, ही मागणी मी विशेष आग्रहाने करते.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन. उत्तर लेखी आणि मराठीत पाठवावे.

आपली,
एक ग्राहक
सदाशिव पेठ, पुणे

सोबत: कस्टमर केअरच्या ईमेलची प्रत, खाते बंद झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट