नेपाळच्या सेवादौऱ्यावर निघण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) तरुण संघाच्या नेपाळ दौऱ्याचा विषय निघतो. व्हिसा लागत नाही, मुंबईहून गोरखपूरला थेट गाडी आहे, तिथून सोनौलीची सीमा शंभरेक किलोमीटर. त्यामुळे आपण परक्या देशात चाललो आहोत हेच विसरले जाते आणि तयारी लोणावळ्याच्या शिबिराइतकीच होते.

सर्वांत आधी तिथला कायदा समजून घ्यावा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातला अनुच्छेद २६ आपापला धर्म पाळण्याची मोकळीक देतो, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करायला मनाई करतो. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ प्रमाणे धर्मांतर घडवणे किंवा तसा प्रयत्न करणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत त्याला देशाबाहेर काढतात. या बाबतीत आपणही परदेशीच. हा कायदा कुणाला पटो न पटो, आपण परतीची गाडी पकडतो आणि पोलीस चौकीत जबाब द्यायला उरतो तो तिथला पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू. ही गोष्ट प्रत्येक सदस्याला निघण्यापूर्वी समोर बसवून सांगावी.

अडचण बहुधा साध्यासुध्या गोष्टींतून उभी राहते. तांदळाच्या पिशवीत किंवा ब्लँकेटच्या घडीत बायबलचा नवा करार ठेवला, की मदत हेच आमिष ठरते. बाजारात धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणे, पालकांच्या संमतीशिवाय मुले गोळा करून गाणी शिकवणे, सामानात पुस्तकांचे गठ्ठे नेणे, हे सगळे टाळावेच. आणि फोटो! प्रार्थनेत डोळे मिटलेली मुले, पाळकाचा चेहरा, मागे गावाच्या नावाची पाटी, असा एक फोटो फेसबुकवर गेला की तो कायमचा पुरावा होतो. फोटो टाकायचा की नाही हे यजमान मंडळीने ठरवावे.

काम करायचेच असेल तर ते तिथल्या नोंदणीकृत संस्थेच्या हाताखाली करावे. युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था १९५४ पासून शासनाशी करार करून काम करते. पाल्पा जिल्ह्यातले तानसेनचे रुग्णालय तिचेच. इतकी वर्षे टिकलेले काम कसे चालते, हे तिथे पाहायला मिळते.

आरोग्य शिबिराबद्दल थोडे सविस्तर. भारतातली पदवी असली तरी तिथे रुग्ण तपासण्याआधी डॉक्टरांना नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. औषधांचे खोके परवानगीशिवाय नेले तर भन्सारवर, म्हणजे तिथल्या जकात नाक्यावर, अडकतात. त्यापेक्षा यजमान संस्थेकडून यादी घेऊन औषधे तिकडेच विकत घ्यावीत. रक्तदाबाच्या दहा दिवसांच्या गोळ्या देऊन निघून येणे ही सेवा नव्हे, कारण अकराव्या दिवशी त्या माणसाने काय करायचे? अशा रुग्णाला मोजलेला रक्तदाब आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी देऊन जवळच्या आरोग्य केंद्राशी जोडून द्यावे. तराईत हिंदी चालते, डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांना ती समजेलच असे नाही. औषधाच्या कागदी पाकिटावर 'बिहान', 'दिउँसो', 'बेलुका' म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे लिहावे. लिपी आपलीच आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढून त्याखाली गोळ्यांइतके ठिपके द्यावेत.

कागदपत्रांत आधार कार्डावर विसंबून राहू नये. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते; आधार चालते ते १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांना. १५ ते १८ वयाची मुले पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांच्या विहित नमुन्यातल्या दाखल्यावर जाऊ शकतात. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. मोठ्या नोटांचा चालू नियम निघण्यापूर्वी बँकेत विचारावा. मंडळीच्या न्यासाचा पैसा मात्र या दौऱ्यावर घालू नये. आगाऊ मंजुरीशिवाय परदेशात केलेल्या खर्चाला आयकराची सूट मिळत नाही. ज्याने त्याने आपला खर्च करावा.

जून ते सप्टेंबर डोंगरातला प्रवास नकोच. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगडी नदीत कोसळून २७ जण गेले. कोणत्याही महिन्यात डोंगरी रस्त्यावर रात्री गाडी चालवू देऊ नये, मग मुक्काम एक दिवसाने वाढला तरी चालेल. दिवाळीच्या सुट्टीतही बेत जमत नाही, कारण दशैं आणि तिहार, म्हणजे तिथला दसरा आणि दिवाळी, या दिवसांत कार्यालये बंद आणि लोक गावी गेलेले असतात.

आणखी एक. नेपाळमध्ये बहुतेक मंडळ्या शनिवारी उपासनेला जमतात, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोहोचावे.

आपले,
सेवादौऱ्यांचे नियोजन पाहणारे काही मंडळीसदस्य, अहिल्यानगर