याजक म्हणजे फक्त जेरुसलेमची बडी घराणी नव्हेत

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन ज्यू धर्मावरचा लेख वाचला, लेख चांगलाच आहे, पण त्यात याजक, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांच्या, घराण्यांबद्दल जे लिहिलंय ते काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लेख वाचून असं वाटतं की याजक म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या जिवावर गब्बर झालेली चार-पाच घराणी आणि बास. अशी घराणी होती, मी नाही म्हणत नाही, त्यांच्यावर खाली लिहितोच, पण सगळ्यांना एकाच माळेचे मणी करून टाकलं ते अजिबात पटलं नाही.

कोहेन म्हणजे याजक हा जन्मानेच ठरायचा. ज्यूंचा आद्य नेता मोशे, त्याचा भाऊ अहरोन, त्याच्या वंशात बापाकडून जन्म झाला तर कोहेन, आणि त्याच लेवी वंशातले बाकीचे ते नुसते लेवी, त्यांच्याकडे मंदिरातलं गाणं-वाजवणं, दरवाजे राखणं अशी कामं. शास्त्राप्रमाणे या वंशाला इतरांसारखा स्वतःचा प्रांत नाही, राहायला ठिकठिकाणची मिळून ४८ नगरं, आणि पोटाला लोकांच्या पिकातला दहावा हिस्सा, तोही लेव्यांना, मग लेव्यांनी त्यातला दहावा याजकांना द्यायचा. म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य आलं तर यांची चूल पेटणार.

आता लेखात न आलेली मुख्य गोष्ट. याजकांच्या २४ पाळ्या होत्या, प्रत्येक पाळी आठवडाभर मंदिरात सेवा करायची, शब्बाथला (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळी बदलायची, म्हणजे एकेकाच्या वाट्याला वर्षातून साधारण दोन आठवडे आणि वर मोठे सण. बाकी सगळं वर्ष हे लोक आपापल्या गावात! बायबलमधल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या आठवा ना, तो अबीयाच्या पाळीतला, घर यहूदियाच्या डोंगराळ भागात, आणि चिठ्ठी निघाली म्हणून त्या दिवशी धूप जाळायला आत गेला. धूप जाळायचा मान ज्याला आधी कधीच मिळाला नाही त्यालाच द्यायचा अशी रीत होती, त्यामुळे म्हाताऱ्या जखऱ्यासाठी तो दिवस काय असेल याचा विचार करा.

ही चिठ्ठ्यांची पद्धत कशी आली तेही मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात दिलंय आणि मला तो प्रसंग फार जवळचा वाटतो. पहाटे वेदीवरची राख काढायची, काम तसं साधं, पण ते करायला इतके जण धडपडायचे की वेदीच्या उतारावरून पळत जायचं आणि जो पुढे त्याला मान. एकदा दोघं बरोबरीने वर पोचत होते, एकाने दुसऱ्याला ढकललं, तो पडला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून राखेसाठी पण चिठ्ठी. राख काढायला मिळावी म्हणून पळणारी माणसं ही, आणि तीही अनवाणी, कारण सेवा करताना पायात काही घालायचं नाही, थंडीत त्या दगडी फरशीवर. मंदिरात पोटाच्या दुखण्यासाठी म्हणून एक वेगळा माणूस नेमलेला असायचा, यावरून काय ते समजा.

काही घराण्यांकडे पिढीजात कला होत्या. गार्मू घराणं समर्पणाच्या भाकरी करायचं, दर शब्बाथला १२ ताज्या, आणि अब्तिनास घराणं धूप बनवायचं, त्यांचा धूर खांबासारखा सरळ वर जायचा म्हणे. दोघांनीही आपली विद्या बाहेर दिली नाही, म्हणून अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले, त्यांना तसं जमलं नाही, शेवटी याच घराण्यांना दुप्पट मोबदला देऊन परत बोलवावं लागलं. यासाठी त्यांना नावं ठेवली गेली आणि ती ठेवायलाही हवीत. पण त्याच परंपरेने हेही जपून ठेवलंय की अब्तिनासांच्या घरातली नवरी लग्नातसुद्धा अत्तर लावायची नाही, देवाच्या धुपातलं घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून. लेखात पहिली गोष्ट आली, दुसरी गाळली, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि ती बडी घराणी? बोएथुस, कथ्रोस वगैरे. महायाजकपद, म्हणजे सगळ्या याजकांच्या प्रमुखाचं पद, पूर्वी जन्मभराचं असायचं, हेरोद राजाने आणि मग रोमनांनी ते हवं तेव्हा देऊन काढून घेतलं, हेरोदाने तर ज्या मुलीशी लग्न करायचं होतं तिच्या बापालाच महायाजक केलं, तो बोएथुसांपैकी. हेरोदापासून इ.स. ७० मध्ये मंदिर जळेपर्यंत २८ महायाजक झाले असं त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसीफस मोजतो. तालमूद या ज्यूंच्या मोठ्या धर्मग्रंथात या घराण्यांच्या नावाने अक्षरशः टाहो आहे, यांची पोरं खजिनदार, जावई कारभारी आणि नोकर लोकांना काठ्यांनी मारतात. १९७० मध्ये जेरुसलेमच्या जुन्या शहरात एक जळालेलं घर सापडलं, त्यात काजळी, एक भाला, एका तरुण बाईच्या हाताची हाडं आणि एक दगडी वजन ज्यावर बार कथ्रोस, म्हणजे कथ्रोसचा मुलगा, असं कोरलेलं.

पण काठ्या कुणावर पडल्या ते बघा ना! जोसीफस स्वतः पहिल्या पाळीतला याजक, तोच लिहितो की महायाजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन याजकांचा हिस्सा जबरदस्तीने उचलायचे आणि गरीब याजक उपासमारीने मेले. म्हणजे लुटणारे याजक आणि लुटले गेलेले पण याजकच, आणि दुसऱ्यांची संख्या कितीतरी जास्त.

लेखाचा पुढचा भाग येणार असं खाली छापलंय, त्यात खळ्यावरून रिकाम्या हाताने घरी गेलेल्या या याजकांना निदान चार ओळी द्याव्यात ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक