ओढ्याचं पाणी मोजायला शिकवणाऱ्या भूवैज्ञानिक साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

ओढा कुणी आटवला हे पारावरचं जुनं भांडण तुम्ही एका पत्र्यावर आणून ठेवलंत. त्याबद्दल दोन्ही काठांकडून हे जाहीर आभार. पत्रा कसा बसवायचा हे इतर गावांनाही उपयोगी पडेल, म्हणून तपशील इथेच लिहितो. तुमची ना नसणार.

पत्रा ओढ्यात आडवा उभा रोवायचा, म्हणजे सगळं पाणी त्याच्या खाचेतून जातं आणि पाण्याच्या उंचीवरून ते किती वाहतं हे कळतं. पत्रा 2 मिमीचा, पात्राहून थोडा रुंद. मधोमध टोक खाली असलेली V आकाराची काटकोनी खाच: 30 सेमी खोल, वरच्या तोंडाला 60 सेमी रुंद. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी साधायची. बुडाशी आणि दोन्ही कडांना चिकण माती तुडवून भरायची, नाहीतर पाणी खालून निसटतं आणि आकडा खोटा पडतो. धार पत्र्याला चिकटून न उतरता सुटी पडली पाहिजे, म्हणून खालच्या अंगाला पाणी तुंबू द्यायचं नाही. आणि उंची मोजायची पट्टी खाचेत धरायची नाही! सगळे इथेच चुकतात. खाचेजवळ पाणी झुकतं, उंची कमी दिसते. पट्टी दीड मीटर वरच्या अंगाला खुंटीला बांधायची, तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत.

मग उंची 10 सेमी असेल तर सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, 15 ला 12, 20 ला जवळजवळ 25. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त. ‘दोन बोटं तर उतरलंय’ म्हणणाऱ्याला हे सांगूनही पटत नाही, तक्ता दाखवावा लागतो. 5 सेमीच्या खाली पत्र्यावर भरवसा नको. तिथे बादली आणि घड्याळ बरं.

आता काठावरची 5 एचपीची मोटार घ्या. एकूण 25 मीटर उपशाला ती सेकंदाला साधारण 7 ते 8 लिटर फेकते. म्हणजे पट्टीवर 10 सेमी दिसत असताना एकटी मोटार अख्ख्या ओढ्यापेक्षा जास्त ओढते. तरी ‘मी विहिरीतून उपसतो, ओढ्यातून नाही’ हे म्हणणं असतंच. त्यावर तुमचा उपाय बिनखर्चाचा होता: मोटारींच्या थ्री फेज विजेचं वेळापत्रक हाताशी धरून दर अर्ध्या तासाला पट्टी वाचायची. लाइट आल्यावर उंची उतरली आणि गेल्यावर चढली, तर विहीर ओढ्याच्याच पाण्यावर आहे. हलली नाही, तर लगेच सुटका देऊ नये. मुरमातून परिणाम पोचायला कधी कधी दिवस लागतात.

यातली खोच तुम्ही नसती सांगितली तर आम्ही फसलो असतो. मोटारी बंद असल्या तरी दुपारी ओढा थोडा उतरतोच, कारण काठावरची झाडं मुळांनी पाणी ओढतात. म्हणून दिवसपाळीच्या लाइटचा आठवडा आणि रात्रपाळीचा आठवडा, दोन्हींची वाचनं लागतात. नाहीतर उंबराचा दोष शेजाऱ्याच्या माथी जातो.

मुळात आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्याच्यावर मांजऱ्या (अर्धवट झिजलेला ठिसूळ दगड) आणि मुरूम. पावसाळ्यात या वरच्या थरात मुरलेलं पाणीच पुढे ओढ्यात पाझरतं आणि विहिरीही त्याच थरावर. कायद्याने मात्र त्याच पाण्याच्या दोन वाटण्या केल्यात. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात ठरीव प्रवाहाने न वाहणारं जमिनीखालचं पाणी मालकाने घ्यावं, आणि नैसर्गिक ओढ्याचं पाणी मात्र वरच्याने अडवून खालच्याचं फारसं कमी करू नये. त्यात जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे ओढे-नाले सरकारचे. आमच्या मते ही फारकत आजच्या मोटारींना पुरी पडत नाही.

कागदांबद्दलही तुम्हीच टोकलंत. सामाईक विहिरीतला हिस्सा आणि पाळी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आहे का ते पाहायचं. भावाभावांच्या वाटपात जमीन चोख वाटली जाते आणि पाळी तोंडीच राहते. आणि कुणी नाला बुजवून वावर वाढवलं, नैसर्गिक वाहतं पाणी अडवलं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागायची. ‘पुढच्या पावसाळ्यात बघू’ म्हणता म्हणता ही मुदत जाते.

पुणे जिल्ह्यातल्या नायगावच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला, ऊस वर्ज्य केला. तेवढी हिंमत अजून आमच्यात नाही. सध्या एवढंच ठरलंय की पट्टी 10 च्या खाली गेली की काठच्या मोटारी एकाआड एक दिवस चालतील आणि वाचनं शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर लागतील.

पुरात वाहून जाऊ नये म्हणून पत्रा मृगाआधी काढून, खाचेच्या कडेला ग्रीस लावून ग्रामपंचायतीत ठेवला आहे. दसऱ्यानंतर ओढा निवळला की पुन्हा बसवू. पातळी बघायला तेवढे या, चहा पत्र्याजवळच होईल.

आपले,
ओढ्याच्या दोन्ही काठांवरचे शेतकरी