हीटर नंतर घ्या, आधी पत्रा झाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की तुमच्या पेपरात पहिल्या पानावर निफाडचा आकडा येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, सोबत शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो, आणि खाली द्राक्ष बागायतदार धास्तावले ही बातमी. खोटं काहीच नाही त्यात. २०१८ च्या डिसेंबरात इथे १.८ अंशाची नोंद झाली होती आणि अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून, पहाटे ड्रिप सोडून लोक घड वाचवतातच. पण त्याच बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसं लेकरं घेऊन झोपलेली असतात, तिथे आत किती अंश होतं ते कोणी मोजतं का?

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, पत्रे बसवणं हाच धंदा, म्हणून हे पत्र. धंद्याच्या उलट बोलतोय असं आमच्यातले काही म्हणतील, म्हणोत.

डिसेंबर-जानेवारीत गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला, "शेठ, पत्रा गळतोय." अहो पाऊस कुठाय आत्ता? गळत नाही तो, त्याला घाम येतो. पत्रा जेमतेम अर्धा एमएम जाडीचा, आभाळ निरभ्र असलं की रात्रभर उष्णता वर टाकत राहतो आणि पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. खाली घरात चार-पाच माणसांचा श्वास, रात्रीच्या स्वयंपाकाची वाफ, दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं याला आतून सुटतं आणि पहाटे अंथरुणावर टपटप चालू होतं. मग लोक हुकाच्या भोकात एम-सील भरतात, डांबर लावतात, पैसे घालवतात आणि टपटप तशीच.

त्यात गॅस. गॅस जळताना पाणी तयार होतं हे लोकांना सांगितलं की हसतात, पण एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ होते, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत २२ लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत गेलं. एरवी ते खिडकीतून निघून जातं, थंडीत मात्र आपण सगळं गच्च बंद करतो, फटीत बोळे कोंबतो, आणि मग भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, गाद्यांना कुबट वास आणि पोरांना खोकला. स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडीच पाहिजे, गार वाटलं तरी. दुपारी ऊन असतं तेव्हा पंधरा-वीस मिनिटं दारं-खिडक्या सताड उघडा, गोधड्या बाहेर टाका, ओले कपडे आत वाळवू नका. याला एक रुपया लागत नाही. सूर्य कलला की मग लावून घ्या सगळं.

पैसे घालायचेच असतील तर ते पत्र्याखाली घाला. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये एक छत पाहिजे, बाकी सगळं नंतर. पत्र्यापासून तीन-चार इंच सोडून तार ताणायची आणि त्यावर फॉइलवाली फोम शीट टाकायची, २५० स्क्वेअर फुटाच्या खोलीला मजुरी धरून आमच्याकडे साधारण सहा ते आठ हजारात होतं. शीटचे जोड आणि कडा टेपने नीट बंद करा, नाहीतर खालची वाफ वर जाऊन पत्र्याला लागणारच, आणि वरच्या पोकळीतली हवा दोन्ही टोकांना बाहेर जाऊ द्या. तेवढे पैसे नसतील तर बारदान शिवून लावा, जुन्या साड्या दुहेरी करून लावा, आपल्याकडे पूर्वी छताला कापड बांधायचेच की. एवढ्याने पूर्ण ऊब येणार नाही पण निदान पाणी अंगावर पडणार नाही. फक्त चुलीच्या वर बारदान, कापड, पाचट असलं काही नको, आणि थर्माकोल तर घरातच नको, पेटला की वितळून अंगावर पडतो.

खालून पण गारवा येतो. शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी म्हणजे काहीच नाही. द्राक्षाची पुठ्ठ्याची खोकी आमच्या तालुक्यात ढिगाने पडलेली असतात, ती उलगडून सतरंजीखाली घाला आणि सकाळी उचलून उभी करा, नाहीतर खालून दमट होतात. खाट असेल तर बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब.

आता हीटर. दोन हजार वॅटचा हीटर रोज चार तास लावला तर महिन्याला २४० युनिट झाले. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला जो दर आहे त्याच्या दुपटीच्या आसपास दर १०० च्या पुढे लागतो, त्यामुळे हीटरचं जवळपास सगळं वापरणं महाग स्लॅबमध्येच जातं. अडीच-तीन हजार महिन्याला वाढतात. आणि ती ऊब उघड्या पत्र्यातून रात्रीत बाहेर. तीन महिन्यांच्या बिलात छत होतं, ते एप्रिल-मे मध्ये पण कामाला येतं, हीटर तेव्हा माळ्यावर.

सगळ्यात वाईट म्हणजे कोळशाची शेगडी घेऊन दार लावून झोपणं. दरवर्षी कुठे ना कुठे पूर्ण कुटुंब दगावल्याची बातमी येतेच. कोळशाच्या त्या वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नाही, रंग नाही, झोपेतल्या माणसाला कळतच नाही, आणि धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं निखारे झालेत म्हणजे आता काही भीती नाही. तेच निखारे घातक. बाथरूममधल्या गॅस गिझरचं पण तेच, तिथे हवा यायला-जायला जागा पाहिजेच. ऊब पाहिजे तर शेकोटी अंगणात करा, आत येताना गरम पाण्याची पिशवी घेऊन या.

एक सरकारसाठी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला सपाट भागात मूळ मदत १ लाख २० हजारांची, घर किमान २५ चौरस मीटरचं. आजच्या सिमेंट-स्टीलच्या भावात स्लॅबपर्यंत पोचताना दम निघतो, म्हणून बरेच जण वर पत्रा टाकतात, मीच टाकून देतो. मग मंजुरीच्या नकाशातच पत्र्याखाली छत का नको? त्याचे सहा-आठ हजार वेगळे द्या आणि इंजिनिअरने शेवटचा हप्ता सोडण्याआधी डोकं वर करून बघावं. शौचालय आहे का बघतात तसंच.

आणि एक तुमच्यासाठी. यंदा कुंदेवाडीच्या आकड्याशेजारी पत्र्याच्या एखाद्या खोलीतला पहाटे चारचा आकडा पण छापा. थर्मामीटर दोनशेच्या आत मिळतो. बातमीदार पाठवा, खोली मी दाखवतो.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला वाचक
ता. निफाड, जि. नाशिक