दुसऱ्या भागात अडकलास म्हणून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास ना, की ट्रिलॉजीचा पहिला भाग दोन रात्रीत संपवला पण दुसऱ्यात अर्ध्यावर अडकलास आणि आता ठेवून देतोयस, वर म्हणालास एवढं काय ते एका पुस्तकात सांगता येत नाही का ह्यांना. तेव्हा घाईत होतो, नीट बोलता आलं नाही, पण ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

तुझं थोडं खरंय. तीन भाग दरवेळी कथेची गरज म्हणून होतात असं नाही. टॉल्किन ह्या इंग्रज लेखकाने लॉर्ड ऑफ द रिंग्ज एकच कादंबरी म्हणून लिहिली होती, पण एवढं जाडजूड पुस्तक छापायचं तर खर्च फार, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. इजिप्तच्या नगीब महफूझच्या कैरो ट्रिलॉजीचंही तसंच, मुळात एकच अवाढव्य हस्तलिखित, ते १९५६-५७ मध्ये तीन भागांत आलं.

पण वाचणाऱ्याच्या बाजूने बघ ना. टॉल्किनचा दुसरा भाग नोव्हेंबर १९५४ मध्ये आला, तो संपतो तेव्हा नायक फ्रोडो शत्रूच्या ताब्यात आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर. तिसरा आला ऑक्टोबर १९५५ मध्ये. म्हणजे जवळपास अकरा महिने वाचणारे सगळे सॅमसोबत त्या दाराबाहेरच! आपल्याला तिन्ही भाग एकदम मिळतात, तरी त्या पानावर मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो.

आणि महफूझचं तर सांगितल्याशिवाय राहवत नाही (थोडं फुटेल, पण त्याने मजा जात नाही, खरंच). पहिल्या भागात आई अमीना, नवऱ्याच्या धाकात, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, जाळीच्या सज्जातून जेवढा रस्ता दिसेल तेवढंच तिचं जग. एकदा नवरा गावाला गेल्यावर ती धीर करून मशिदीत जाते, येताना मोटारीचा धक्का लागून हाड मोडतं, आणि ती बरी झाल्यावर नवरा तिला माहेरी हाकलतो. तिसऱ्या भागात वर्षं उलटलीत, तो म्हातारा, आजारी, घरातच बसून, आणि अमीना रोज मशिदीत जाऊन येते. आता सज्जात बसून रस्त्याकडे बघणारा तो आहे. हे वाचताना माझ्या घशात आवंढा आला. महफूझ तिथे भाष्य करत बसत नाही, आठवण आपली आपल्यालाच येते, कारण मधली हजारभर पानं आपण त्या घरात काढलेली असतात. शंभर पानांपूर्वीची गोष्ट आठवणं वेगळं आणि दोन पुस्तकांपूर्वीची आठवणं वेगळं, ती जवळजवळ स्वतःच्या आयुष्यातली आठवण वाटायला लागते.

म्हणून मला दुसरा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. पहिल्यात नवलाई असते, तिसऱ्यात शेवटाची ओढ, दुसऱ्यात ह्यातलं काहीच नसतं, माणसं नुसती दिवस काढत असतात, चुकत असतात, आणि तिथेच ती आपली होतात. दुसरा भाग म्हणजे नुसता पूल असं म्हणतात ते मला पटत नाही. अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिनच्या ब्रोकन अर्थ ट्रिलॉजीचे तीन भाग तीन सलग वर्षं, २०१६, १७, १८, ह्युगोला, म्हणजे विज्ञानकथा आणि फँटसीच्या मोठ्या पुरस्कारात, बेस्ट नॉव्हेल ठरले, मधला धरून. तीन भागांच्या नावाखाली उगाच ताणलेली पुस्तकंही आहेत, नाही असं नाही, तिथे खुशाल सोडून दे. पण तुझं पुस्तक तसलं नाहीये रे, मी वाचलंय.

तर एवढं कर, दुसरा पूर्ण कर, रोज दहा पानं वाच हवं तर. आणि संपला की तिसरा लगेच उघडू नकोस, आठवडाभर तसाच ठेव. त्या आठवड्यात मला फोन कर, पुढे काय होईल असं तुला वाटतंय ते मला ऐकायचंय, मी काहीही फोडणार नाही.

तुझाच,
मित्र